बिनतारी अबोला

आमच्या घरातला अबोला सव्वा वर्ष टिकला, याचं सगळं श्रेय मी बिनतारी जाळ्याला देते. नाहीतर माझ्यासारख्या बडबड्या बाईला चार दिवसांच्या पुढे गप्प राहणं कधी जमलेलं नाही. बार्शीत कुणालाही विचारा.

आमचं चष्म्याचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. मी पुढे बसून डोळे तपासते, नंबर काढते, गिऱ्हाइकाला फ्रेम दाखवते. आमचे हे, म्हणजे उमाकांतराव, मागच्या खोलीत काचा घासतात, कापतात आणि फ्रेममध्ये बसवतात. लग्न झाल्यापासून हीच वाटणी. अबोले आधीही व्हायचे, ते कुणाचे होत नाहीत? माझी आई वडिलांवर रुसली की भिंतीशी बोलायची. कुणाला जेवायचं असेल तर ताट वाढलंय, असं ती भिंतीला सांगायची आणि वडील भिंतीलाच 'आलो' म्हणायचे. आमच्याकडे ते काम ईश्वरीनं केलं, आमच्या लेकीनं. सांग तुझ्या बाबांना, विचार तुझ्या आईला, यातच बिचारीचं बालपण गेलं. पुढे ती नोकरीला बेंगळुरूला गेली आणि आमची पंचाईत झाली.

तरी दुकानात बोलावंच लागायचं. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना नंबर मागे ओरडून सांगायचा असतो. उजवा मायनस दीड, डावा मायनस दोन. एकदा आकडे तोंडातून गेले की मागून प्रश्न यायचा, काच साधी की पातळ? त्याला उत्तर द्यावं लागायचं. उत्तरातून भांडण निघायचं आणि भांडणातून चहा. रुसून चौथा दिवस उजाडेपर्यंत आम्ही एका बशीतून शेंगदाणे खात असायचो.

मग जाळं आलं. डोळे तपासायचं मशीन नंबर परस्पर मागच्या मशीनला धाडू लागलं. फ्रेमचं माप, काचेचा प्रकार, गिऱ्हाईक चष्मा न्यायला कधी येणार, सगळं हवेतून जायचं, तार म्हणून कुठे नाही. विकणारा म्हणाला होता, बाई, वेळ वाचेल, चुका टळतील, घर आणि दुकान एका जागेवरून सांभाळता येईल. खोटं नाही बोलला मेला. उजव्या डोळ्याची काच डाव्याला बसणं बंद झालं. मी वर भाकऱ्या थापत असताना खाली कोण आलंय ते ओट्यावरच्या पडद्यावर दिसायचं. ह्यांच्या चहाची वेळ झाली की त्यांच्या मनगटावरचा पट्टा माझ्या शेगडीला कळवायचा. एकमेकांशी बोलायचं एकही कारण उरणार नाही, एवढं मात्र तो सांगायला विसरला.

आणि नेमकं त्याच वेळी पेटीचं झालं. नंबर काढायच्या काचांची माझ्या वडिलांची जुनी पेटी होती. लाकडी, आत मखमल, त्यात गोल काचा ओळीनं लावलेल्या. त्या पेटीवर वडिलांनी मला हे काम शिकवलं. नवं मशीन घेताना ह्यांनी ती पेटी मला न विचारता विकणाऱ्याला देऊन टाकली. मी विचारलं तर म्हणाले, अडगळच होती की. अडगळ! माझ्या बापाची पेटी अडगळ. मी तोंड मिटलं ते मिटलंच.

दिवाळीला ईश्वरी आली. दोन दिवस तिनं आमचा मूकपट पाहिला आणि तिसऱ्या दिवशी सुपारीच्या डब्याएवढी एक पांढरी डबी आणून मधल्या खोलीत लावली. 'सांगाती' तिचं नाव. प्रत्येक खोलीत, खाली दुकानातही, तिचा एक एक बोलका तुकडा. तिला निरोप सांगायचा, ती दुसऱ्याला पोचवते, आवाज बायकी आणि गोड. मी म्हटलं, हे तर तूच करायचीस, फुकटात. ईश्वरी म्हणाली, आई, मी लहान होते, आता हिला करू दे.

डबी फक्त ऐकते असं मला वाटलं होतं. ईश्वरीनं समजावून सांगितलं ते असं. घरभर ज्या लहरी भरलेल्या असतात, ज्यांच्यातून आपले नंबर आणि गाणी जातात, त्या भिंतीवर, भांड्यांवर, आपल्या अंगावर आपटून परत येतात. माणसानं श्वास घेतला की छाती तांदळाच्या दाण्याएवढी पुढे सरकते. तेवढ्यानंही परतणारी लहर जराशी बदलते, आणि डबी तो बदल मोजते. म्हणून तिला कॅमेरा लागत नाही आणि भिंत आड येत नाही. कोण कुठल्या खोलीत आहे, कोण लंगडतंय, कुणाचा श्वास जोरात चाललाय, हे तिला बसल्या जागी कळतं. ईश्वरीच्या ऑफिसात म्हणे सगळीकडे हेच आहे, खुर्चीवर कुणी पेंगलं तरी दिवे आपोआप उजळतात. मला ते काही फार बरं वाटलं नाही, पण आई पडली तर मला तिकडे लगेच कळेल असं ती म्हणाल्यावर मी गप्प बसले.

सुरुवातीला निरोप कामापुरते होते. सांग त्यांना, गॅस संपलाय. सांग तिला, फ्रेमवाला येऊन गेला. मग एके दिवशी मी जिना चढून वर आले, तर डबी म्हणाली, ते विचारतायत, गुडघा कसा आहे? मी पायरीवरच बसले. एवढ्या महिन्यांत त्या माणसानं माझ्या गुडघ्याची पहिल्यांदा चौकशी केली होती. मी तोऱ्यात सांगितलं, बरा आहे म्हणावं. पण त्या दिवशी त्यांच्या पानात शेंगाची चटणी जरा जास्त वाढली, हे कबूल करते.

पुढे असंच वाढत गेलं. एकदा सकाळी स्वयंपाकघरात गेले, तर वरच्या फळीवरचे सगळे डबे खालच्या फळीवर आलेले. माझा हात वर पोचताना खांदा दुखतो, हे मी कुणाला बोलले नव्हते. माझं मीच म्हटलं, बघा, माणसाला न सांगता कळतं. दुकानात येणाऱ्या बायकांना मी सांगू लागले की आमच्या ह्यांना वयानं शहाणपण आलं. तेही मागच्या खोलीत शीळ घालायला लागले होते. समोरासमोर मात्र शब्द नाही. अबोल्यात जो आधी बोलतो तो हरतो, आणि पेटी माझी गेली होती, मी का हरू?

आता खरी गोष्ट सांगते. या सगळ्याच्या आधीच मी घर सोडायचं ठरवलं होतं, आणि आता जागाही मिळाली होती. बेंगळुरूला ईश्वरीच्या घराजवळ डोळ्यांचं मोठं इस्पितळ आहे. तिथं लहान मुलांचे नंबर काढायला माणूस हवं होतं. दोन-तीन वर्षांची पोरं मशीनसमोर हनुवटी टेकवून बसत नाहीत. त्यांना मांडीवर घेऊन, हातात काच धरून, खेळवत खेळवत नंबर काढावा लागतो, आणि ते काम येणारी माणसं आता फार उरलेली नाहीत. ईश्वरीनं माझं नाव सुचवलं, त्यांनी फोनवरच मुलाखत घेतली आणि या म्हणाले. राहायला खोली, शनिवार-रविवार लेकीकडे. जायचं ते कायमचं. शुक्रवारी दुपारी फोन करतो, हो की नाही ते पक्कं सांगा, असं त्यांनी बजावलं होतं.

ह्यांना सांगायचं होतं. मी डबीसमोर उभी राहिले, 'सांग त्यांना' इतकं म्हटलं, मोठा श्वास घेतला, आणि पुढचं काही तोंडातून निघेना. पदर खोचला आणि भांडी घासायला गेले. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी हातात ओली परात होती, तेव्हा मागून डबीचा आवाज आला. ते म्हणतायत, पेटीचं माझं चुकलं. जाऊ नकोस.

मी परात खाली ठेवली आणि ओट्याला धरून रडले. पेटी गेली तेव्हाही अशी रडले नव्हते. ईश्वरीला फोन करून सांगितलं, मी येत नाही, शुक्रवारी त्यांना नाही म्हणून कळवते. ती बरं म्हणाली, पण तिचा आवाज पडला होता.

गुरुवारी सकाळी मुजावर चाचा डोळे तपासायला आले. चाचा शिंपी, सुईत दोरा ओवता येईना म्हणून आलेले. मी त्यांची हनुवटी मशीनच्या पट्टीवर टेकवली, कपाळ टेकवलं, हलू नका म्हणाले, आणि मला काही राहवलं नाही. मागे ऐकू जाईल अशा आवाजात मी त्यांना सांगितलं की चाचा, शेवटी आमच्या ह्यांनी माफी मागितली, मी काही एवढी दगड नाही, मीही विसरले.

मागची शीळ थांबली. हे हातात काच घेऊन बाहेर आले आणि माझ्याकडे न बघता चाचांना म्हणाले, की जरा विचारा हिला, माफी मी कधी मागितली? 'पेटीचं मी विसरले' असा निरोप तर हिनंच पाठवला होता. मी चाचांना म्हटलं, विचारा त्यांना, मी असा निरोप कधी पाठवला? ते म्हणाले, वर डबे ठेवू नका, खांदा दुखतो, हेही हिनंच सांगितलं. मी म्हटलं, चाचा, खांद्याचं मी देवालासुद्धा बोललेले नाही, आणि ह्यांनी माझ्या गुडघ्याचं विचारलं त्याचं काय? ते म्हणाले, कसला गुडघा? मग त्यांचा आवाज खाली आला. चाचांच्या पाठीकडे बघत ते म्हणाले की 'मी ईश्वरीकडे जातेय, कायमची', हे तरी हिनं सांगितलं होतं की तेही नाही?

ते वाक्य माझं होतं, शब्दन् शब्द माझं, फक्त मी ते कधी उच्चारलेलं नव्हतं.

चाचा अजून तसेच हनुवटी टेकवून बसलेले. ते अगदी हळू म्हणाले, "वहिनी, हलू नका म्हणालात म्हणून हललो नाही. पण मान अवघडली."

मी ईश्वरीला फोन लावला. ती आधी हसली, मग तिला परिस्थिती कळली. ती म्हणाली, आई, डबी खोटं बोलत नाही, अंदाज करते. साधा श्वास सावकाश आत जातो आणि सावकाश बाहेर येतो. बोलायचं असलं की माणूस तो पटकन आत ओढतो आणि धरून ठेवतो. बोलला नाही, तर तो श्वास अडखळत बाहेर पडतो. डबीला हे अडखळणं दिसतं. मग त्या वेळी तुम्ही कुठे उभे होता, कुणाकडे तोंड होतं, आधी काय बोलणं चाललं होतं, फोनवर काय बोललात, हे सगळं जुळवून गिळलेलं वाक्य काय असेल ते ती ठरवते आणि ज्याच्यासाठी होतं त्याला पोचवते. मदत थोडी हवी की पूर्ण, असं डबी लावताना विचारलं होतं. ईश्वरीनं पूर्ण म्हटलं, आणि आम्ही दोघांनी मान्य म्हणून अंगठा ठेवला होता. अंगठ्याचं काय सांगू, दिवसातून दहा वस्तू अंगठा मागतात, मी वाचत बसले तर भाकरी कोण करणार?

मी विचारलं, मग खरे निरोप कुठले आणि हिचे कुठले? तर ते कळत नाही म्हणे. लोकांचं खाजगी राहावं म्हणून डबी पोचवलेलं लगेच पुसून टाकते.

"पण आई, शंभरात ब्याण्णव वेळा ती बरोबर असते," ईश्वरी म्हणाली.

"आणि उरलेले आठ कुणाचे गं?"

तिला एकदम मीटिंगची आठवण झाली.

त्या दिवशी मी दोन गिऱ्हाइकांना चुकीच्या फ्रेमा बांधून दिल्या. डोकं ठिकाणावर नव्हतं. गुडघ्याचं त्यांनी विचारलं नव्हतं, पण मी जिना चढताना खालून बघत त्यांचा श्वास अडखळला असेल का? की डबीला माझं लंगडणं कळलं आणि तिनं आपलीच भर घातली? मी त्यांना माफ केलं होतं का? डबीला माझ्या श्वासात ते दिसलं म्हणे. मला माझ्या मनात शोधूनही सापडेना. राग सापडला, पण तो जुन्या ट्रंकेत ठेवलेल्या लोकरीसारखा, हातात घेतला तर विरविरीत लागणारा. आणि शीळ? ती तरी त्यांची होती, की माझ्या खोट्या निरोपाची? काही महिने या घरात दोन माणसं सुखानं नांदली होती, ती आम्हीच का दुसरी कुणी, हेच मला उमजेना.

सगळ्यात वाईट म्हणजे शुक्रवार उद्यावर आला होता. 'जाऊ नकोस' या दोन शब्दांवर मी नोकरी सोडायला निघाले होते, आणि ते शब्द ब्याण्णवातले की आठातले ते मला माहीत नव्हतं.

शुक्रवारी जेवणं झाल्यावर मी मधल्या खोलीत गेले. मला बघून डबी गोड आवाजात म्हणाली, त्यांना काहीतरी सांगायचं आहे असं दिसतं, पोचवू का? एक क्षण हो म्हणावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग मी तिची पिन काढली. नुसती काढली नाही, डबी उचलून पिठाच्या डब्यात घातली आणि झाकण लावलं.

खाली उतरले. हे मागच्या खोलीत दिव्यासमोर काच धरून तिच्यावरचा ओरखडा बघत होते. मी दारात उभी राहिले.

"अहो," मी म्हटलं.

हरले मी. सव्वा वर्षानं हरले. त्यांनी काच खाली ठेवली, पण वळायला वेळ लावला.

"तुम्ही जाऊ नकोस म्हणालात का?"

"नाही."

"मग काय म्हणणार होतात?"

ते फडक्यानं हात पुसत राहिले. हात कोरडे होते.

"जा म्हणणार होतो," ते म्हणाले.

हे मला अपेक्षित नव्हतं. डबीचं चुकलं असेल, त्यांना काहीच म्हणायचं नसेल, इथपर्यंत मी मनाची तयारी केली होती. पण त्या यंत्राला माझी दया आली आणि माझ्या नवऱ्याला आली नाही, असं होईल याचा विचार केला नव्हता. माझं तोंड एवढंसं झालं असावं, कारण ते घाईनं पुढे बोलले.

"इथं तू माझ्याशी बोलत नाहीस. तिथं पोरांशी, लोकांशी तरी बोलशील. तुला असं गप्प बघवत नाही मला."

"मग आत्ता कुणाशी बोलतेय मी?"

मग मी सुटलेच. पेटी काढली, अडगळ काढली, सासूबाईंच्या आजारपणापासूनचं सगळं काढलं. तेही काही कमी नाहीत, माझ्या माहेरापर्यंत पोचले. पुढे दुकानात कुणी येऊन गेलं असेल तर देव जाणे. त्यातच त्यांच्या तोंडून निघालं की पेटी परत आणायला ते मशीनवाल्याकडे सोलापूरला जाऊन आले होते, त्याच आठवड्यात, पण त्या माणसानं ती कुणाला तरी विकून टाकली होती. मी विचारलं, हे इतके दिवस सांगितलं का नाहीत? डबीलाही कळलं नाही ते? ते म्हणाले, कसं कळणार, हे सांगायला माझा श्वासच कधी वर आला नाही, लाज वाटायची.

मी तिथल्या स्टुलावर बसले. इतकी दमले होते की हसू आलं. तेवढ्यात फोन वाजला. इस्पितळातल्या बाई. त्यांनी आदबीनं विचारलं, निर्णय झाला का, आम्हाला आजच कळायला हवं.

मी ह्यांच्याकडे बघितलं. त्यांची छाती भरून आली, खांदे वर झाले, ओठ उघडले. आणि तिथंच अडकलं. एवढी वर्षं मी या माणसाबरोबर राहिले, पण हे अडकणं असं समोरून कधी बघितलं नव्हतं. मी फोनवर हात ठेवला.

"अहो, गिळू नका. बोला."

"मला ठरत नाही गं," ते म्हणाले. "तू इथं असावीस असं वाटतं. तू जावंस असंही वाटतं. दोन्ही खरंच वाटतं."

माझंही अगदी तेच होतं. जायचं होतं आणि राहायचं होतं, सव्वा वर्ष दोन्ही एकाच श्वासात अडकलेलं होतं, आणि त्या डबीनं बिचारीनं दर वेळी त्यातलं एक उचलून पोचवलं होतं. दोन्ही एकदम पोचवायचं तिला कुणी शिकवलं नसावं. पलीकडून बाई हॅलो, हॅलो करत होत्या. मी हात काढला आणि फोन कानाला लावला.

"मॅडम, मला आठ दिवस द्या," मी म्हटलं. "आमचं बोलणं चाललंय."